चार मात्रांची जागा : एका मराठी रॉक गीतकाराच्या ४० गाण्यांचा हिशोब

‘हे गाणं नेमकं कुणाचं आहे?’ असं फोनवरून विचारलं गेलं तेव्हा गीतकाराने ताबडतोब उत्तर दिलं, ‘माझं.’ ते उत्तर निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं शोधायला आम्हाला सात आठवडे लागले.

फोन आला २०२२ च्या जूनमध्ये. एका वेब मालिकेच्या संगीत विभागातून. गीतकाराच्या जुन्या बँडचं, २००६ साली ध्वनिमुद्रित झालेलं एक मराठी रॉक गाणं त्यांना एका प्रसंगाखाली वापरायचं होतं. त्यांनी दोन परवाने मागितले. एक शब्द आणि चाल वापरायचा, दुसरा त्या जुन्या मुद्रणाचा. पहिल्या परवान्यावर आपण एकट्याने सही करू शकतो असं त्याला वाटलं. दुसरा परवाना काय असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने मला फोन केला.

मी पूर्वी लाइव्ह शोचा आवाज सांभाळायचो. गेली काही वर्षं स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या मुलांच्या नोंदण्या, करार, मानधनाचे कागद बघतो. दादरला एक छोटी खोली आहे, तिथेच हे काम चालतं. या प्रकरणातली माणसं माझ्या ओळखीची, त्यातली दोन तर जिवाभावाची. सगळ्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, बँडची नावं आणि रक्कम मात्र देणार नाही असं ठरलं आहे.

माणूस आणि त्याचे बँड

गीतकाराचा जन्म लालबागच्या चाळीतला, १९७८ चा. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा. नंतर वडिलांनी एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. पण एकादशीचं भजन त्यांनी चुकवलं नाही. घरात वाद्य म्हणजे टाळ आणि मंडळाचा पखवाज. गिटार घरी आली ती १९९६ साली, माटुंग्याच्या कॉलेजात गेल्यावर, धोबीतलावच्या दुकानातून, हप्त्यांवर.

त्याच धोबीतलावला रंगभवन होतं. १९८६ पासून सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवामुळे उघड्या आभाळाखालचं ते नाट्यगृह मुंबईच्या रॉकवाल्यांचं पंढरपूर झालं होतं. १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन हा बँड, जो पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, याच शहरातला. लोक परदेशी गाण्यांच्या फर्माइशी करत असताना त्यांनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. आमच्या पिढीला ‘ओरिजिनल्स’ हा शब्द मिळाला तो त्यांच्यामुळे. पण ती गाणी इंग्रजी होती. लालबागहून पायी किंवा बेस्टने येणारा हा मुलगा मागच्या पायऱ्यांवर उभा राहून ती ऐकायचा. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवले आणि रंगभवनाभोवती हे सगळंच होतं. तिथला आवाज थांबला. हे मी हळहळ म्हणून सांगत नाही. त्या मुलाला मराठीत लिहायची गरज भासू लागली ती साधारण याच काळात. इंग्रजी गाण्यांचा तो श्रोता पांगला होता आणि कॉलेजच्या महोत्सवांमध्ये समोर बसलेली मुलं त्याच्यासारखीच परळ, डोंबिवली, विरारहून आलेली होती.

त्याची कारकीर्द चार तुकड्यांत आहे. पहिला बँड १९९७ ते २००१, इंग्रजी, ९ गाणी. चौघांनी एकत्र बसून केलेली, एका कॅसेटवर मुद्रित, आणि त्यांच्यावरून आजवर कुणाचा वाद नाही. चौघांना इमेल केला, प्रत्येकी चौथा हिस्सा ठरला, विषय संपला. दुसरा बँड २००३ ते २००९, मराठी, १४ गाणी. या प्रकरणाचा जीव त्यात आहे. तिसरा २०१० ते २०१३. त्यात तो फक्त शब्द लिहीत होता, चाली दुसऱ्याच्या, ६ गाणी. हा बँड लोअर परळला, जुन्या मिलच्या आवारातल्या क्लबांमध्ये वाजवायचा. ज्या गिरणगावात भोंग्यावर घड्याळं लावली जायची तिथेच त्याचे शब्द महागड्या तिकिटांवर ऐकले गेले, आणि हे त्याच्या वडिलांनी एकदा येऊन, मागे उभं राहून, ऐकलंही. २०१४ पासून तो एकटा आहे. अकूस्टिक गिटार, कधी सोबत एक पखवाज, ११ गाणी. एकूण ४०.

एकटा का झाला, असं मी त्याला पूर्वी विचारलं होतं. ‘बँड सांभाळायला वेळ नाही,’ असं तो म्हणाला होता. खरं कारण मला या प्रकरणात कळलं. दुसरा बँड थांबल्यावर ती १४ गाणी तिसऱ्या बँडमध्ये वाजवायची त्याला लाज वाटायची. ती आपली आहेत की त्या चौघांची, हे कधी ठरलंच नव्हतं. विचारलं तर मैत्री तुटेल अशी भीती होती. म्हणून त्याने ती गाणी वाजवणंच सोडलं आणि दर वेळी शून्यापासून सुरुवात केली. स्वतंत्र गीतकारांमध्ये हे मी वारंवार पाहिलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती नवनवी सुरुवात धाडसाची वाटते. आत मात्र आपलीच गाणी मागे सोडून आल्याची खंत असते.

ते एक गाणं

हे गाणं कसं झालं ते समजल्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मराठीत रॉक लिहिताना पहिली अडचण शब्दांच्या शेपटीची असते. इंग्रजी ओळ बहुतेकदा व्यंजनावर धाडकन थांबते, ड्रमच्या ठोक्यासारखी. आपल्या क्रियापदांच्या शेवटी स्वर येतो आणि ओळ लांबते. नवे बँड मग शब्द कापून, तोडून, इंग्रजी उच्चारात बसवतात आणि गाणं परकं वाटू लागतं. आमच्या गीतकाराने वेगळी वाट काढली. लहानपणापासून कानात असलेला मोठा अभंग त्याने घेतला. त्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे रॉकच्या चारच्या तालात तो अंगभर बसतो. सहा अक्षरं गायची, दोन मात्रा श्वास. असं तीनदा. चौथ्या चरणात चार अक्षरं गाऊन झाली की चार मात्रा रिकाम्या राहतात. भजनात त्या जागी टाळ आणि मागचे गाणारे असतात. बँडमध्ये तिथे कुणी नव्हतं.

त्या चार मात्रांत बेसिस्टने, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याने, एक रिफ टाकली, पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. पाच स्वर, खालून वर जाऊन पुन्हा खाली पडणारी. सराव करी रोडजवळच्या एका पॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, चालायचा, रविवारी, मेगाब्लॉक टाळून जमेल तेव्हा. ती रिफ पहिल्यांदा वाजली तेव्हा मी तिथे होतो, केबल गुंडाळत बसलो होतो. ड्रमरने वाजवता वाजवता काठी वर करून दाखवली. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजच्या मैदानांवर मी पाहिलं की गीतकार चौथा चरण गाऊन माइकपासून मागे सरकायचा आणि समोरची मुलं ती रिफ तोंडाने म्हणायची. शब्द पाठ नसलेली मुलंसुद्धा.

बेसिस्ट २०१५ साली गेला. वय ३६. त्याच्यामागे पत्नी, लहान मुलगी आणि चिपळूणजवळच्या गावी आई.

तीन थर

कायद्याच्या नजरेने एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात आणि बहुतेक बँडवाल्यांना हे गाणी विकायची वेळ येईपर्यंत ठाऊक नसतं. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तिच्या व्याख्येतून शब्द बाहेर ठेवले आहेत. आणि ज्या मुद्रणात ती दोन्ही ऐकू येतात ते ध्वनिमुद्रण तिसरी मालमत्ता, तिचा मालक अर्थातच वेगळा असू शकतो.

शब्दांचा प्रश्न नव्हता. शब्द शंभर टक्के त्याचे. घोळ चालीत होता, आणि तो घोळ वाढवण्यात माझा हात होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, कायद्याखाली नव्याने नोंदणीकृत झाली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला होता की तो ते लिहूनही सोडू शकत नाहीत. आता तो प्रत्यक्ष मिळेल या आशेने २०१८ मध्ये मी ओळखीच्या सगळ्यांच्या याद्या भरायला बसलो. या गाण्याच्या पुढे मी लिहिलं : शब्द त्याचे, संगीत त्याचं. बेसिस्टला मी ओळखत होतो, ती रिफ जन्मली तेव्हा खोलीत हजर होतो, आणि तरी तसं लिहिलं. घाईत लिहिलं हे खरं, पण चाल म्हणजे गायकाच्या गळ्यातली, वाद्यातलं ते वादन, असं मी तेव्हा सरळ धरूनही चालत होतो. वहिनींना, म्हणजे बेसिस्टच्या पत्नीला, एक फोन करायचं मला सुचलं नाही. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे आणि इथेही लिहून ठेवतो.

कायदा माझ्यापेक्षा उदार निघाला. संगीतकार कोण, तर जो संगीत रचतो तो. त्याने ते कागदावर स्वरलिपीत उतरवलेलं असो वा नसो. बेसिस्टला स्वरलिपी येत नव्हती, तो कानाने वाजवायचा. आणि दोघांनी मिळून केलेल्या कामात एकाचा भाग दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती. मग सगळा प्रश्न एका वाक्यावर आला : ती रिफ गाण्यापासून वेगळी काढता येते का?

गीतकाराचं म्हणणं होतं, येते. ‘रिफ नसती तरी गाणं होतंच,’ तो म्हणाला. ‘त्याला दहा टक्के देऊ. वहिनींना मदत होईल.’

मदत हा शब्द मला खटकला. हक्काचं असेल तर ती मदत नव्हे, आणि हक्काचं नसेल तर दहा तरी कशाला? पण वाद घातला नाही. मी म्हटलं, ‘बरं. गिटार ठेव बाजूला. नुसतं गा, मला लिहून घ्यायचं आहे.’ तो टेबलावर बोटांनी ठेका धरून गायला लागला. पहिला चरण, दुसरा, तिसरा. चौथा चरण संपला आणि त्या चार मात्रांत त्याच्या तोंडून रिफ आली. ठरवून नाही. दुसऱ्या कडव्यालाही आली. मी काही बोललो नाही. तिसऱ्या कडव्याला त्याने ती अडवायचा प्रयत्न केला, चार मात्रा गप्प राहिला, आणि पुढची ओळ बेताल घेतली.

बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. खाली गोखले रोडवर भाजीवाले ओरडत होते. मग म्हणाला, ‘अर्धं लिही.’

चालीत अर्धा वाटा बेसिस्टचा. मी आजही या आकड्याचा विचार करतो. न्यायालयात गेलं असतं तर कदाचित वेगळा आकडा आला असता. बँडचा चौथा माणूस, लीड गिटारवादक, पुण्याहून म्हणाला की आपल्या सोलोचं, म्हणजे मधल्या एकट्या गिटारच्या तुकड्याचं, काही नको, ‘तो दर शोला मी वेगळाच वाजवायचो.’ हे त्याचं म्हणणं मला पटलं. जे दर वेळी बदलतं ते वादन, जे बदललं तर गाणंच बदलतं ते संगीत. ही व्याख्या कायद्याच्या पुस्तकातली नाही, माझी आहे, पण तेव्हापासून मी प्रत्येक बँडला हीच कसोटी लावायला सांगतो.

यात एक गोष्ट मला फार लागते. आपल्या भावगीतांच्या परंपरेत हा घोळ झालाच नसता. आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे सांगितलं जायचं. गदिमा म्हटलं की बाबूजी आठवतात, एकाच्या नावाने दुसरा झाकला जात नाही. त्याच्याही मागे गेलं तर अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं, ‘तुका म्हणे’ म्हणून, आणि ते नाव कुठल्याही नोंदवहीविना शेकडो वर्षं तोंडातोंडी टिकलं. आम्ही रॉकवाले बँडची एकी दाखवायला सीडीवर ‘सर्व गाणी : बँड’ एवढंच छापत राहिलो. हेतू चांगला होता. पण बँड ही कायद्यात कुणी व्यक्ती नव्हती, भागीदारीचा कागद नव्हता, आणि ती ‘एकी’ २००९ मध्ये संपल्यावर त्या ओळीला काही अर्थ उरला नाही.

मुद्रण कुणाचं

ही गोष्ट गीतकाराला सगळ्यात कडू लागली. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक म्हणजे निर्माता, ज्याने ते करवून घ्यायला पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गाणारा नव्हे, लिहिणारा नव्हे. २००६ साली गोरेगावच्या स्टुडिओत तीन दिवस, पाच गाणी, आणि १८,००० रुपये. ते पैसे ड्रमरने भरले होते, नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून. तारीख त्यानेच घेतली, स्टुडिओवाल्याशी तोच बोलला, पावती त्याच्या नावाची. म्हणजे कागदावर बघितलं तर गीतकाराचं ‘माझं’ गाणं, त्याच्याच आवाजातलं, ड्रमरच्या मालकीचं. आणि अशा मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं चालतो.

मी म्हटलं, ‘घाबरू नकोस, तो आपला ड्रमर आहे.’ पण गीतकार त्या रात्री जेवला नाही, असं त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं.

ड्रमर आता कॅनडात, ब्रॅम्प्टनला असतो. इथले रात्रीचे साडेअकरा म्हणजे त्याची दुपार. व्हिडिओ कॉलवर मी त्याला सगळं समजावून सांगितलं, की मुद्रणाचा मालक तू ठरतोस, परवाना तूच देशील, पैसे तुझ्याकडे येतील. तो आधी हसला, मग गप्प झाला. ‘अरे, मी पैसे भरले कारण बाकी कुणाकडे नव्हते,’ तो म्हणाला. ‘चार भाग कर. त्याच्या घरच्यांना धरून चार.’ मी विचारलं, ‘नीट विचार करून सांगतोस ना?’ तर म्हणाला, ‘फक्त ड्रम्सच्या पुढे माझं नाव लिहा. सीडीवर राहून गेलं होतं.’

खरंच राहून गेलं होतं. सोळा वर्षं त्याने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आणखी एक कागद निघाला. २००७ साली एका कंपनीने नव्या बँडची गाणी एकत्र करून सीडी काढली होती, त्यासाठी गीतकाराने ‘बँडतर्फे’ एका पानावर सही केली होती. सर्व हक्क कंपनीला, एवढंच त्यात लिहिलं होतं. किती वर्षं, कुठल्या देशात, काही नाही. मालिकेचे लोक या कागदाने धास्तावले. पण कायद्याच्या १९ व्या कलमात याचं उत्तर आहे : मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे जो काही हक्क गेला असेल तो २०१२ मध्येच परत आला होता. शिवाय जे मुद्रण ड्रमरचं होतं ते गीतकार एकट्याने देऊच शकत नव्हता. घरात असले जुने एकपानी कागद असतील तर फेकू नका आणि त्यांना घाबरूही नका. आधी त्यात मुदत शोधा.

सह्या

बेसिस्टचा वाटा त्याच्या वारसांचा. आम्ही गृहीत धरलं होतं की वहिनींची सही पुरेल. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलं आणि आई, तिघांचा समान हिस्सा असतो. मुलगी अजून १८ ची नव्हती, तिच्यासाठी वहिनींनी पालक म्हणून सही केली. राहिली आई.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी वहिनी, गीतकार आणि मी चिपळूणला गेलो. रेल्वेने, मग रिक्षाने. मावशी, म्हणजे बेसिस्टची आई, ओटीवर बसल्या होत्या. त्यांना कॉपीराइट समजावून सांगणं मला जमेना. वहिनीच म्हणाल्या, ‘आई, त्यांनी केलेल्या गाण्यात त्यांचा वाटा आहे. त्यातला एक भाग तुमचा.’ मावशींनी विचारलं, ‘तो गात नसे ना?’ गीतकार म्हणाला, ‘नाही मावशी, पण गाण्यात आहे तो.’ आणि त्याने ती पाच स्वरांची ओळ गुणगुणून दाखवली.

मावशी म्हणाल्या, ‘हे तर तो लहानपणी पालखीत ढोल वाजायचा तेव्हा म्हणत असे.’

शिमग्याच्या पालखीचा ढोल. कोकणात ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना कळेल. आम्ही सगळे तीन वर्षं ती रिफ मैदानांवर ऐकत होतो, आणि ती कुठून आली हे आम्हाला माहीत नव्हतं. गीतकाराने अभंग आणला होता लालबागच्या भजनातून, बेसिस्टने त्यातली मोकळी जागा भरली होती गावच्या पालखीच्या चालीने, आणि आम्ही त्याला मराठी रॉक म्हणत होतो. मावशींनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

परत आलो तोवर सात आठवडे होऊन गेले होते. मालिकेचं संकलन संपलं होतं आणि त्यांनी दुसरं गाणं घेतलं होतं. त्यांचा दोष नाही. त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. कागद आधी तयार असते तर दोन दिवसांत काम झालं असतं. स्वतंत्र गीतकाराला अशी संधी वर्षानुवर्षांत एखादी येते, आणि तिच्यातून चार घरांना पैसे मिळाले असते. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

यात एक सोपा मार्ग होता, तो आम्ही का घेतला नाही ते सांगायला हवं. जुनं मुद्रण सोडून गीतकाराने ते गाणं नव्याने एकट्याने गाऊन ध्वनिमुद्रित केलं असतं, तर मुद्रणाच्या मालकीचा प्रश्नच आला नसता. चालीसाठी वारसांची संमती तेवढी लागली असती. नवं मुद्रण स्वच्छही झालं असतं. जुन्याचे सुटे ट्रॅक ज्या हार्ड डिस्कवर होते ती कधीच बंद पडली होती, हाती राहिली होती फक्त एक सीडी. मीही त्याला हेच सुचवलं होतं. तो म्हणाला, ‘नव्यात तो नसेल.’ त्यावर मला पुढे काही बोलता आलं नाही.

हातात काय राहिलं

त्या वर्षाच्या अखेरीस जुनं मुद्रण नव्याने प्रसिद्ध केलं. गीत एकाचं, संगीत दोघांचं, वादन प्रत्येकाच्या नावाने, ड्रम्सच्या पुढे ड्रमरचं नाव, ध्वनिमुद्रणाचे मालक चौघे. मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळख-क्रमांक, मिळाला. पुढे ते कुठल्याही संग्रहात गेलं तरी तोच क्रमांक वापरायचा, म्हणजे ऐकल्याचा हिशोब विखुरत नाही. आयपीआरएसमधली माझी नोंद दुरुस्त करून घेतली. तिसऱ्या बँडच्या ६ गाण्यांत उलटा प्रकार निघाला होता, चाल करणाऱ्याने शब्दही स्वतःच्या नावावर नोंदवले होते. एका इमेलने त्याने ते बदलले, खळखळ न करता.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बँडकडून मी गाणं तयार झाल्याच्या रात्रीच एक पान भरून घेतो. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती वाटा, मुद्रणाचे पैसे कुणी दिले, चौघांच्या सह्या. पहिल्यांदा मुलं संकोचतात. ‘दादा, आमच्यात असं नाही,’ म्हणतात. सह्या होऊन गेल्या की मात्र मोकळी होतात, आणि पुढच्या गाण्याला स्वतःहून पान मागतात.

गीतकाराने त्या १४ गाण्यांपैकी चार आपल्या एकट्याच्या कार्यक्रमात पुन्हा घेतली आहेत. हे गाणं शेवटी असतं. चौथा चरण झाला की तो गिटारवरून हात उचलतो आणि चार मात्रा थांबतो.

उरलेल्या १३ गाण्यांचे कागद अजून चालू आहेत. आठ झाली. नवव्यावर घोडं अडलं आहे, कारण अंतऱ्याची चाल आपली होती असं पुण्याहून लीड गिटारवादकाचं म्हणणं आहे आणि गीतकाराला तसं आठवत नाही. ड्रमरकडे त्या वेळच्या सरावाच्या दोन कॅसेट आहेत असं त्याने परवा रात्री सांगितलं. डिसेंबरात येताना तो घेऊन येणार आहे, आणि मी माळ्यावरचा कॅसेट प्लेअर दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडला टाकला आहे.